ज्वालामुखीच्या काठावरचा संसार

८ मे १९०२. कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक या फ्रेंच बेटावर त्या दिवशी येशूच्या स्वर्गारोहणाचा सण होता. सेंट पिएर हे बेटावरचे सर्वांत गजबजलेले शहर. साखर आणि रम यांच्या व्यापारावर भरभराटीला आलेल्या या शहरात सकाळीच सणाची लगबग सुरू झाली होती. आठच्या सुमारास शहरामागचा माउंट पेली हा पर्वत फुटला. तापलेले वायू, राख आणि दगडधोंडे यांचा एक प्रचंड लोट उतारावरून खाली आला आणि अवघ्या काही मिनिटांत सुमारे २८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. शहरात जिवंत राहिलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतला एक तुरुंगाच्या जाड भिंतींच्या कोठडीत डांबलेला कैदी होता.

पर्वताने सूचना दिली नव्हती, असे मात्र नाही. एप्रिलपासूनच शिखरावरून राख उडत होती, गंधकाच्या वासाने शहरवासीयांचा जीव गुदमरत होता, रस्त्यांवर पक्षी मरून पडत होते. ५ मे रोजी तापलेल्या चिखलाचा लोंढा येऊन किनाऱ्यालगतचा साखर कारखाना कामगारांसह गाडला गेला. गव्हर्नरांनी समिती नेमली. शहराला धोका नाही, असा निर्वाळा समितीने दिला. तीनच दिवसांवर निवडणूक येऊन ठेपली होती. लोकांना धीर यावा म्हणून गव्हर्नर सपत्नीक सेंट पिएरला येऊन राहिले आणि शहराबरोबर तेही गेले. समितीतील मंडळी लबाड होती असे म्हणता येणार नाही. डोंगराच्या पोटात काय चालले आहे, हे सांगू शकणारे एकही यंत्र, एकही जुनी नोंद त्यांच्यापाशी नव्हती, हे खरे दुखणे होते.

या विनाशानंतर साधारण दोन आठवड्यांनी अमेरिकी नौदलाचे ‘डिक्सी’ हे जहाज मदतसामग्री घेऊन मार्टिनिकला पोहोचले. जहाजावर काही भूशास्त्रज्ञही होते. त्यांच्यात हार्वर्ड विद्यापीठात शिकवणारा ३१ वर्षांचा एक तरुण होता. त्याचे नाव थॉमस ऑगस्टस जॅगर. राखेखाली गेलेल्या रस्त्यांवरून, जळालेल्या प्रेतांमधून तो हिंडला. शेजारच्या सेंट व्हिन्सेंट बेटावर आदल्याच दिवशी, म्हणजे ७ मे रोजी, सूफ्रिएर ज्वालामुखीने दीड हजारांहून अधिक बळी घेतले होते. तेथेही तो गेला. परतला तेव्हा पुढच्या आयुष्यात काय करायचे, याविषयी त्याच्या मनात संदेह उरला नव्हता. ज्वालामुखीशास्त्राला प्रयोगशाळेतून उठवून ज्वालामुखीच्या काठावर नेऊन बसवणारा संशोधक म्हणून जग पुढे ज्यांना ओळखू लागले, त्या जॅगर यांच्या कार्याचा आरंभ हा असा एका स्मशानातून झाला.

जॅगर यांचा जन्म २४ जानेवारी १८७१ रोजी फिलाडेल्फियाचा. वडील एपिस्कोपल पंथाचे बिशप. घरात धर्मोपदेशाचे वातावरण असले, तरी मुलाचा ओढा निसर्गाकडे होता. हार्वर्डमध्ये भूशास्त्राचे शिक्षण, जर्मनीत पुढील अध्ययन आणि १८९७ मध्ये डॉक्टरेट असा त्यांचा प्रवास सरळ झाला. अध्यापनात पडल्यावर त्यांनी प्रयोगांचा सपाटा लावला. पाण्याच्या टाक्यांत वाळू आणि गाळ घालून नद्यांची पात्रे कशी कोरली जातात ते पाहायचे, छोटे कृत्रिम गीझर उभारून ते किती वेळाने उसळतात याची नोंद ठेवायची, असे ते उद्योग होते. निसर्गाची लहानशी प्रतिकृती टेबलावर मांडली की त्याची गुपिते उलगडतील, अशी त्यांची श्रद्धा होती. सेंट पिएरने त्या श्रद्धेला तडा दिला. टेबलावरचा गीझर कोणाचा जीव घेत नाही.

पुढील काही वर्षे जॅगर उद्रेकांच्या मागे धावत राहिले. १९०६ मध्ये व्हेसुव्हियस भडकला, ते इटलीला गेले. १९०७ मध्ये अलास्काच्या पश्चिमेकडील अल्यूशन बेटांवर मोहीम काढली. १९१० मध्ये कोस्टा रिकातील कार्तागो शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेथे ते हजर झाले. दरम्यान बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच ‘एमआयटी’ या संस्थेत भूशास्त्र विभागाचे प्रमुखपदही त्यांच्याकडे आले होते. परंतु प्रत्येक प्रवासात एकच गोष्ट त्यांना बोचत होती. बातमी येते, जहाज पकडायचे, आठवड्यांनी पोहोचायचे आणि थंड झालेली राख तपासायची. वैद्याने दर खेपेस रुग्ण दगावल्यावरच घरात पाऊल टाकावे, तसा हा प्रकार होता. २८ डिसेंबर १९०८ रोजी सिसिलीतील मेसिना शहर भूकंपात आणि त्यामागून आलेल्या सागरी लाटांत नष्ट झाले. मृतांचा आकडा ७० हजारांच्या वर गेला. आता काहीतरी करायलाच हवे, अशी जाहीर हाक जॅगर यांनी दिली. हे करणे म्हणजे काय, याची कल्पनाही त्यांच्या मनात स्पष्ट झाली होती. ज्वालामुखीच्या शेजारी वेधशाळा बांधायची, तेथेच राहायचे आणि डोंगर शांत असतानाही रोज त्याची नाडी पाहायची.

ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. व्हेसुव्हियसच्या उतारावर १८४० च्या दशकापासून वेधशाळा उभी होती. जपानमध्ये फुसाकिची ओमोरी हे भूकंपशास्त्रज्ञ तर बरेच पुढे गेले होते. १९०९ मध्ये जॅगर त्यांना भेटले. त्या भेटीचे मोल लगेच पुढच्या वर्षी सिद्ध झाले. जुलै १९१० मध्ये होक्काइदो बेटावरील उसू ज्वालामुखीच्या परिसरात धक्क्यांमागून धक्के बसू लागले. ओमोरींची व्याख्याने ऐकलेल्या एका स्थानिक पोलीस अधिकाऱ्याने उद्रेकाची वाट न पाहता सुमारे १५ हजार लोकांना हलवण्याचे आदेश दिले आणि त्यानंतर उसू फुटला. सेंट पिएर आणि उसू यांत अंतर केवळ आठ वर्षांचे. एका ठिकाणी समिती होती, दुसऱ्या ठिकाणी भूकंपाविषयी चार गोष्टी जाणणारा एक पोलीस अधिकारी. या दोन चित्रांत जॅगर यांच्या उभ्या आयुष्याचा आशय सामावला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

वेधशाळेसाठी जॅगर यांनी हवाई बेटांवरील किलाउआ ज्वालामुखीची निवड केली. तिच्यामागे व्यवहारी विचार होता. माउंट पेलीसारखे ज्वालामुखी शतकात एकदोनदा फुटतात आणि फुटतात तेव्हा निरीक्षकालाही जिवंत ठेवत नाहीत. किलाउआचा स्वभाव निराळा. त्याच्या माथ्यावरील हालेमाउमाउ या विवरात त्या काळी लाव्हारसाचे तळे सतत खदखदत असे आणि विवराच्या कडेला उभे राहून ते पाहता येई. हवाईच्या मूळ रहिवाशांच्या श्रद्धेनुसार हे विवर म्हणजे पेले या अग्निदेवतेचे निवासस्थान. (मार्टिनिकच्या पेली पर्वताशी या देवतेचे नामसाधर्म्य आहे, नाते नाही.) येथील लाव्हा पातळ, वाहता असतो आणि थंड झाल्यावर त्याचा काळा बेसॉल्ट खडक बनतो. सह्याद्रीचे कडे ज्या खडकाचे आहेत, तोच हा बेसॉल्ट. दख्खनच्या पठारावरील सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाथरांचे वर्णन करताना आपले भूशास्त्रज्ञ आजही ‘पाहोएहोए’ आणि ‘आआ’ हे हवाईयन शब्दच वापरतात. गुळगुळीत, दोरखंडासारखी वळ्यांची साय धरणारा तो पाहोएहोए आणि खडबडीत, काटेरी तुकड्यांचा तो आआ.

प्रश्न पैशांचा होता. बोस्टनच्या व्हिटनी कुटुंबाच्या मालमत्तेतून ‘एमआयटी’ला २५ हजार डॉलरची देणगी मिळाली होती. भूकंप व ज्वालामुखी यांपासून मनुष्याच्या जीविताचे आणि मालमत्तेचे रक्षण व्हावे, असे संशोधन तिच्यातून अपेक्षित होते. दुसरा आधार दिला होनोलुलूतील लॉरिन थर्स्टन या गृहस्थांनी. वृत्तपत्राचे मालक, उद्योजक आणि राजकारणी असलेल्या थर्स्टन यांचा १८९३ मध्ये हवाईची राजसत्ता उलथवण्यात पुढाकार होता. त्यामुळे त्यांचे नाव हवाईत आजही सरळ आदराने घेतले जातेच असे नाही. परंतु ज्वालामुखीचे त्यांना विलक्षण वेड होते. त्यांनी व्यापारी मंडळींकडून वर्गण्या गोळा केल्या. वेधशाळा उभी राहिली तर पर्यटक वाढतील, हा हिशेबही त्यात होताच. विज्ञानाला पैसा कोणत्या वाटेने येईल याचा नेम नसतो, तो हा असा.

१९११ च्या उन्हाळ्यात जॅगर यांना स्वतः येणे शक्य नव्हते. त्यांनी फ्रँक पेरेट या ज्वालामुखी-अभ्यासकाला पुढे पाठवले. पेरेट यांनी ई. एस. शेफर्ड यांच्या साथीने हालेमाउमाउच्या तळ्यावर आडवी तार ताणली, तिच्यावरून तापमापक लाव्हात सोडला आणि सुमारे १,००० अंश सेल्सिअस एवढे तापमान नोंदवले. १७ जानेवारी १९१२ रोजी जॅगर किलाउआवर दाखल झाले. हा मुक्काम २८ वर्षांहून अधिक काळ चालायचा होता.

वेधशाळेचा पाया खणण्यासाठी सक्तमजुरीची शिक्षा झालेले कैदी आणले गेले. विवराच्या कडेला, ‘व्होल्केनो हाउस’ या हॉटेलच्या जवळ, त्यांनी जवळजवळ सहा फूट राख उपसून खालचा पक्का लाव्हाखडक उघडा केला. तेथे काँक्रीटचे तळघर बांधून त्यात ओमोरींच्या पद्धतीचे भूकंपमापक बसवले गेले. व्हिटनी कुटुंबाचे नाव त्या तळघराला देण्यात आले. सेंट पिएरच्या गव्हर्नरांना वाचवू शकला नाही एक कैदखाना, वाचला तो त्यातला कैदी. आणि येथे ज्वालामुखीवर नजर ठेवणारे पहिले तळघर खणले तेही कैद्यांनीच. हा योगायोग असला तरी नजरेआड करवत नाही.

या तळघरात जे काम सुरू झाले ते दिसायला कंटाळवाणे होते. काजळी धरलेल्या कागदावर सुईने उमटलेली रेषा रोज काढून घ्यायची, धक्के मोजायचे, विवरापर्यंत चालत जाऊन लाव्हातळ्याची पातळी मोजायची, वायूंचे नमुने घ्यायचे आणि हे सर्व लिहून काढायचे. ही टिपणे साप्ताहिक पत्रिकेच्या रूपाने छापली जात. वर्षे लोटत गेली तसे या रुक्ष आकड्यांतून एक चित्र उभे राहू लागले. भूकंपमापकाची सुई धक्क्यांनी थरथरत असे, हे अपेक्षितच होते. पण धक्का नसतानाही ती सावकाश एका बाजूला सरकते, असे आढळले. यंत्र बिघडलेले नव्हते. यंत्राखालची जमीनच कलत होती. खालून शिलारस वर चढू लागला की ज्वालामुखीचा माथा फुगतो आणि कडेची जमीन बाहेरच्या बाजूस कलते. शिलारस ओसरला की माथा खाली बसतो आणि कल उलटा होतो. फुग्यात हवा भरावी आणि काढावी, तसा हा डोंगर श्वास घेत होता. हा कल अतिशय सूक्ष्म असतो, डोळ्यांना तो कधीच दिसणार नाही. पण कल, धक्क्यांची संख्या व खोली आणि बाहेर पडणारे वायू ही तीन लक्षणे एकत्र वाचली, की डोंगराच्या पोटात काय घडते आहे याचा अंदाज बांधता येतो. आज उपग्रह आणि संगणक दिमतीला असलेले ज्वालामुखीतज्ज्ञही मुख्यतः हीच लक्षणे तपासतात.

या काळात जॅगर यांच्या खासगी आयुष्यात मात्र पडझड झाली. हेलन क्लाइन यांच्याशी १९०३ मध्ये झालेला त्यांचा विवाह टिकला नाही. दोन मुले होती. बोस्टनमधली प्रतिष्ठेची प्राध्यापकी सोडून धुमसत्या विवराच्या कडेला राहायला जाणाऱ्या माणसाच्या संसाराची गत वेगळी होणेही कठीण होते. त्याची किंमत मुलांनीही मोजली असणार. १९१७ मध्ये त्यांनी इझाबेल मेडवेल यांच्याशी विवाह केला. इझाबेल ज्वालामुखीच्या ओढीने हवाईत राहिल्या होत्या आणि वेधशाळेत मदतनीस म्हणून कामही करू लागल्या होत्या. पुढे नोंदी ठेवण्यापासून मोहिमांपर्यंत त्या पतीच्या बरोबरीने वावरल्या. दोघांचे घर किलाउआच्या कडेवरच होते.

त्याच वर्षी जॅगर यांनी एक धाडस केले. लाव्हातळ्याच्या कडेला उतरून लांबच लांब लोखंडी नळ्या त्यांनी खदखदत्या रसात खुपसल्या. तळे अथांग असेल, थेट पृथ्वीच्या पोटापर्यंत पोहोचत असेल, असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात त्याची खोली पंधरा मीटरच्या आसपास निघाली. खाली अर्धवट घट्ट झालेला थर होता आणि रस काही मोजक्या वाटांनी वर येत होता. इतकी साधी गोष्ट, पण ती कळायला कोणीतरी नळी घेऊन खाली उतरणे गरजेचे होते.

वेधशाळेच्या नशिबी स्थैर्य नव्हते. ‘एमआयटी’नंतर १९१९ मध्ये ती अमेरिकी हवामान खात्याकडे गेली, १९२४ मध्ये भूसर्वेक्षण खात्याकडे, १९३५ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आणि १९४७ मध्ये पुन्हा भूसर्वेक्षणाकडे. सरकारी खात्यांच्या या फेऱ्यांत प्रत्येक नव्या साहेबाला वेधशाळेची गरज नव्याने पटवून द्यावी लागे. जॅगर यांच्या आयुष्याचा बराच वेळ त्यात खर्ची पडला.

भूकंपमापकाचा एक उपयोग त्यांना ज्वालामुखीच्याही पलीकडे घेऊन गेला. ३ फेब्रुवारी १९२३ रोजी तळघरातील यंत्राने दूरच्या एका मोठ्या भूकंपाची नोंद केली. केंद्र रशियाच्या कामचत्का द्वीपकल्पाजवळ होते. समुद्राखाली एवढा मोठा धक्का बसला असेल तर काही तासांनी लाटा हवाईला पोहोचतील, हे जॅगर यांनी ताडले आणि हिलो बंदराच्या अधिकाऱ्यांना कळवले. बंदरातल्यांनी ते मनावर घेतले नाही. हजारो मैलांवरच्या धक्क्याने आपल्या बंदरात पाणी चढेल, यावर कोण विश्वास ठेवणार? लाटा आल्या, बंदराची नासधूस झाली आणि एका मच्छीमाराचा बळी गेला. दहा वर्षांनी, मार्च १९३३ मध्ये, जपानच्या सानरिकू किनाऱ्याजवळ असाच भूकंप झाला. या वेळी वेधशाळेचा इशारा ऐकला गेला. धक्क्यांवरचा माल हलवण्यात आला, होड्या खोल समुद्रात नेण्यात आल्या. लाटा आल्या, पण हवाईत प्राणहानी झाली नाही. भूकंपाच्या नोंदीवरून त्सुनामीचा इशारा देण्याच्या जगातील अगदी आरंभीच्या प्रयत्नांत या दोन घटनांची गणना होते. आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोहोचला तो २६ डिसेंबर २००४ रोजी. तेव्हा सुमात्रापासून तमिळनाडूचा किनारा गाठायला लाटांना दोन तासांहून अधिक वेळ लागला होता आणि तरीही इशारा देणारी यंत्रणा हिंदी महासागरात नव्हती. हैदराबादचे केंद्र सुरू झाले ते २००७ मध्ये.

किलाउआ सौम्य आहे या समजुतीलाही एकदा जबर धक्का बसला. फेब्रुवारी १९२४ मध्ये हालेमाउमाउचे तळे रिकामे झाले, एप्रिलमध्ये बेटाच्या पूर्व टोकाला धक्के बसून जमिनीला भेगा पडल्या आणि १० मेपासून विवरात स्फोट सुरू झाले. ते अडीच आठवडे चालले. टनावारी वजनाचे दगड हवेत फेकले गेले, विवराचा व्यास जवळजवळ दुप्पट झाला. रुय फिंच या सहकाऱ्याकडे तेव्हा वेधशाळेचा भार होता. धोक्याच्या अंतराच्या आत गेलेला उसाच्या मळ्यावरील एक हिशेबनीस जखमी होऊन दगावला. लाव्हा खोल उतरला, हे यंत्रांनी आणि डोळ्यांनी टिपले होते. त्यानंतर स्फोट होतील, हे मात्र ठामपणे कोणी सांगू शकले नव्हते.

जॅगर यांच्या मर्यादा येथे दिसू लागतात. याआधीचा मोठा स्फोटक उद्रेक १७९० च्या सुमारास झाला होता आणि त्यात हवाईयन योद्ध्यांची एक तुकडी गारद झाली होती. १७९० ते १९२४ हे अंतर १३० हून अधिक वर्षांचे. त्यावरून जॅगर यांनी मोठ्या आवर्तनाची कल्पना मांडली आणि त्यात सूर्यावरील डागांच्या साधारण अकरा वर्षांच्या चक्राशी जुळणारी लहान आवर्तनेही बसवली. ज्वालामुखी पंचांगाप्रमाणे चालतो, हे पुढील निरीक्षणांनी सिद्ध केले नाही. ज्या माणसाने रोजच्या नोंदींचे महत्त्व जगाला शिकवले, त्यालाच दोन तारखांमधल्या अंतराची भुरळ पडावी, याचे नवल वाटते.

उलट, त्यांचे एक भाकीत अचूक ठरले. डिसेंबर १९३३ मध्ये शेजारच्या माउना लोआ या महाकाय ज्वालामुखीच्या माथ्यावर उद्रेक झाला. दोन वर्षांच्या आत उत्तरेच्या उतारावर पुन्हा उद्रेक होईल आणि हिलो शहराला धोका संभवेल, असे त्यांनी सांगून ठेवले. २१ नोव्हेंबर १९३५ रोजी माउना लोआ पुन्हा फुटला. लाव्हा प्रथम दोन डोंगरांमधल्या सखल भागात साचला आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात हिलोच्या दिशेने दिवसाला दीडएक किलोमीटर सरकू लागला. वाटेत वायलुकु नदीचा उगमप्रदेश होता. शहराचे पाणी तेथून येई.

आता करायचे काय? लाव्हा अडवता येत नाही, असे मानून लोकांना हलवणे हा एक मार्ग होता. जॅगर यांनी दुसरा निवडला. लाव्हाचा मुख्य प्रवाह वरून घट्ट झालेल्या नळ्यांतून वाहतो. त्या नळ्या उगमाजवळ फोडल्या तर रस तेथेच पसरेल आणि पुढचे टोक उपाशी पडेल, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी लष्कराला साकडे घातले. कारवाईच्या आखणीत जॉर्ज पॅटन हे लेफ्टनंट कर्नल होते, पुढे दुसऱ्या महायुद्धात सेनापती म्हणून गाजले तेच. २७ डिसेंबर रोजी दहा बॉम्बफेकी विमानांनी प्रत्येकी सहाशे पौंडांचे वीस बॉम्ब लाव्हाच्या उगमाजवळ टाकले. पुढील दिवसांत प्रवाह मंदावला आणि २ जानेवारी १९३६ रोजी थांबला. हिलो वाचले.

आपली योजना यशस्वी झाली, असे जॅगर अखेरपर्यंत मानत राहिले. अनेक भूशास्त्रज्ञांना ते मान्य नव्हते. उद्रेक तसाही ओसरतच आला होता, बॉम्बनी केवळ वेळ साधली, असे त्यांचे म्हणणे. बॉम्बफेकीच्या जागेची नंतर झालेली पाहणीही शंकेखोरांच्याच बाजूने झुकते. कित्येक हवाईयनांच्या दृष्टीने तर हा पेलेदेवीचा घोर अपमान होता. प्रश्न केवळ श्रेयाचा नव्हता. लाव्हा वळवता येतो असा समज एकदा रुजला, की संकटकाळी लोक घर सोडण्याऐवजी विमानांची वाट पाहू लागतील. स्वतः जॅगर यांनी पुढे हिलोच्या रक्षणासाठी मोठे बांध घालण्याची योजना मांडली. ती कधी बांधकामापर्यंत पोहोचली नाही. इशारा देणारा शास्त्रज्ञ आणि संकट परतवून लावू पाहणारा सेनानी हे दोघे त्यांच्यात एकत्र नांदत होते. पहिल्याची कामगिरी काळाच्या कसोटीला उतरली, दुसऱ्याची वादग्रस्तच राहिली. सेंट पिएरच्या रस्त्यांवरून चाललेल्या माणसाला हिलोबाबत हातावर हात धरून बसणे जमले नाही, हे मात्र समजण्यासारखे आहे.

खटपटीपणा त्यांच्या अंगातच होता. अलास्काच्या १९२८ च्या मोहिमेच्या सुमारास त्यांनी जमिनीवर आणि पाण्यातही चालणारे वाहन तयार केले. वाळूतल्या खेकड्याच्या हवाईयन नावावरून त्याला ‘ओहिकी’ म्हणत.

१९४० मध्ये ते निवृत्त झाले आणि होनोलुलूला जाऊन हवाई विद्यापीठात संशोधन करत राहिले. ज्वालामुखींविषयीचे त्यांचे एक पुस्तक १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९४६ रोजी, अल्यूशन बेटांजवळच्या भूकंपाने उठलेल्या लाटा हवाईवर आदळल्या. दीडशेहून अधिक लोक मरण पावले, त्यांतले बहुतेक हिलोत. १९३३ नंतरच्या काळात काही इशारे फोल ठरले होते, लोकांचा विश्वास उडाला होता आणि त्या सकाळी लोकांना सावध करणारी कोणतीही व्यवस्था कामाला आली नाही. या आपत्तीनंतर १९४९ मध्ये प्रशांत महासागरासाठी कायम स्वरूपाचे त्सुनामी इशारा केंद्र स्थापन झाले. १९२३ मध्ये हिलोच्या बंदराने जे ऐकून सोडून दिले होते, त्याला सरकारी मान्यता मिळायला सव्वीस वर्षे लागली.  १७ जानेवारी १९५३ रोजी, किलाउआवर दाखल झाल्याला बरोबर ४१ वर्षे पूर्ण होत असताना, जॅगर यांनी होनोलुलूत अखेरचा श्वास घेतला. त्यांचे आत्मकथन त्यानंतर तीन वर्षांनी प्रकाशित झाले.

त्यांनी घालून दिलेली पद्धत किती उपयोगी आहे, याचा सर्वांत मोठा पुरावा फिलिपाइन्सने दिला. १९९१ च्या वसंतात पिनातुबो हा शेकडो वर्षे निद्रिस्त असलेला ज्वालामुखी जागा झाला. फिलिपिनो आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्याच्याभोवती तातडीने भूकंपमापक बसवले, वायू मोजले आणि लोकांना हलवण्याचा सल्ला दिला. १५ जूनला विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला, तेव्हा हजारो कुटुंबे धोक्याच्या टापूबाहेर होती. याच्या उलट टोकाला कोलंबियातील आर्मेरो हे गाव आहे. नेवादो देल रुईझ या ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशा १९८५ मध्ये तयार होता, शास्त्रज्ञांनी सावधही केले होते, पण १३ नोव्हेंबरच्या रात्री चिखलाचा लोंढा आला तेव्हा गाव जागच्या जागी होते. सुमारे २३ हजार माणसे गेली. यंत्रे बोलू लागली तरी ऐकणारा कान लागतो, हे जॅगर यांनी १९२३ मध्येच अनुभवले होते.

किलाउआच्या कडेवर जॅगर यांच्या नावाचे संग्रहालय अनेक वर्षे पर्यटकांचे आकर्षण होते. २०१८ मध्ये किलाउआच्या माथ्याची जमीन खचू लागली, शेकडो घरे लाव्हाखाली गेली आणि संग्रहालयाला व शेजारच्या वेधशाळेच्या इमारतीला तडे गेले. वेधशाळा हिलोला हलवण्यात आली, तडा गेलेल्या इमारती २०२४ मध्ये उतरवण्यात आल्या. खचण्याची ही सारी प्रक्रिया वेधशाळेच्या यंत्रांनी क्षणोक्षणी नोंदवली होती आणि कर्मचारी वेळीच बाहेर पडले होते. कैद्यांनी १९१२ मध्ये खणलेले तळघर मात्र अजून ‘व्होल्केनो हाउस’च्या आवारात आहे. वरची इमारत केव्हाच गेली. बाहेरून तो गवत उगवलेला मातीचा एक उंचवटा दिसतो आणि विवर पाहायला आलेल्यांपैकी बरेचजण त्याच्या शेजारून तसेच पुढे जातात.